सोसण्याचे कौतुक पुरे

सिकलसेलचे दुखणे बाहेरून फारसे दिसत नाही. डोळे जरा पिवळट, चेहरा ओढलेला, कधी हातापायांना सूज. बाकी मूल चारचौघांसारखेच. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले किंवा थंडी बाधली की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. मग छाती, पाठ, मांड्यांची हाडे अशी ठणकतात की मोठी माणसेही ओरडतात. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात मुलाला घेऊन आलेली आई मात्र एवढेच सांगते, ‘साहेब, पोराचं अंग फुटून राह्यलं.’ रात्रभर ती त्याचे पाय दाबत बसली होती, ऑटोचे भाडे शेजारणीकडून घेतले, आजची वेचणी बुडाली, हे ती सांगत नाही. विचारलेच तर म्हणते, ‘आता सवय झाली.’

या सवयीबद्दल लिहायचे आहे.

विदर्भात सिकलसेल ज्या समाजांत जास्त आढळतो त्यांत आदिवासी आहेत, तसाच पूर्वाश्रमीचा महार आणि आजचा बौद्ध समाज आहे. १९५८ साली आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर भागातल्या या आजाराची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या खेड्यांतले प्रमाण तपासले आणि २००६ मध्ये ते मांडले. म्हणजे आपल्या रक्तात काय आहे, हे आपण बौद्ध झालो जवळपास तेव्हापासून कागदावर आहे. या काळात समाजाने शिक्षणासाठी, सवलतींसाठी, नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या. गावोगावी लोकवर्गणीतून विहारे बांधली. या आजारासाठी मात्र एकही मोठा मोर्चा निघाल्याचे आठवत नाही. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, रुग्णांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका माणसाच्या जिद्दीवर समाजाचे काम निभत नसते.

असे का झाले? माझ्या मते याचे एक मोठे कारण म्हणजे सोसणाऱ्याला आपल्याकडे असलेला मान. ज्यांच्या आजा-पणज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले, त्यांना तग धरणे हीच आपली ओळख वाटू लागते. सभेत, गाण्यात, निधनानंतरच्या शोकसभेत हेच सांगितले जाते: किती सोसले, पण कधी तक्रार केली नाही. हे ऐकून वाढलेली मुलगी पोटातली कळ दाबून निंदणाला जाते. हे ऐकून वाढलेला कार्यकर्ता रक्तदाब दोनशेवर गेला तरी मोर्च्याचे नियोजन सोडत नाही. सोसण्याचे कौतुक झाले की बाकीच्यांची जबाबदारी संपते. सरकारची संपते, रुग्णालयाची संपते आणि शेजाऱ्याचीही संपते.

हे दुखणे आपले एकट्याचे नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्येही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तिथेही त्याकडे कित्येक दशके कुणी ढुंकून पाहिले नाही. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये ऑकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष काढला. लोकांना आठवतात त्या त्यांच्या बंदुका आणि काळी जाकिटे. पण याच पक्षाने १९६९ च्या जानेवारीत एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना रोज सकाळी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने उघडले आणि १९७१ पासून दारोदार, बागांत, सभांच्या ठिकाणी सिकलसेलची तपासणी सुरू केली. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचे, माहितीचे पत्रक द्यायचे, वर सरकारला विचारायचे की आमच्या आजारावर तुम्ही काय खर्च करता? १९७२ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सिकलसेल नियंत्रणाच्या राष्ट्रीय कायद्यावर सही करावी लागली. पँथर्सच्या आधीपासून काम करणारे डॉक्टर आणि संघटना यांचाही त्यात वाटा होता. तरी वस्तीतून आलेला रेटा नाकारता येत नाही.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ऑकलंडच्या पँथर्सचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला. दवाखाना मात्र आपल्याकडे आला नाही. याचा दोष त्या तरुणांच्या माथी मारणे अन्याय ठरेल. गावोगावच्या अत्याचारांना उत्तर देता देता त्यांचा श्वास फुलत होता, हाती पैसा नव्हता, आणि दोन-तीन वर्षांतच संघटना फुटली. पण त्यांच्यानंतर आलेल्या आपणा सर्वांना पन्नास वर्षे मिळाली होती. शिवाय दवाखान्याची कल्पना आपल्याला परदेशातून आणायची गरजच नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी पुण्याजवळ, मुलगा डॉ. यशवंत याच्या साह्याने, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे आणताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. त्यांची जयंती आपण करतो. त्यांच्या आयुष्यातले हे शेवटचे काम मात्र भाषणातल्या एका वाक्यापुरते उरले आहे.

ऑकलंडची गोष्ट इथे थांबवली तर अर्धवट राहील. तपासणीची लाट आली तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी घाईघाईने सक्तीचे कायदे केले. नीट समजावून सांगणारे कुणी नाही, अहवाल गुप्त ठेवण्याची सोय नाही. परिणाम असा झाला की ज्यांच्यात हा दोष केवळ एका बाजूने आला आहे, म्हणजे जे वाहक आहेत आणि स्वतः आजारी नाहीत, त्यांनाही नोकरी नाकारली गेली, विमा महाग झाला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

वर्ध्यात हीच चूक आज लग्नाच्या बाजारात होते आहे. आपल्याकडच्या भाषेत ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. एएस असलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. दोन एएस व्यक्तींचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. एकच बाजू एएस असेल आणि दुसऱ्या बाजूला हा दोष मुळीच नसेल, तर मूल एसएस होत नाही. इतके साधे गणित. पण ‘तिच्यात सिकलसेल निघाला’ एवढे एक वाक्य गावात फिरले की मुलीचे स्थळ मोडते, आणि एएस-एसएसचा फरक कुणी विचारत नाही. मुलाच्या रक्ताचा अहवाल मागितला जात नाही. म्हणून आया तपासणीच टाळतात. शाळेत आरोग्य पथक आले की मुलीला त्या दिवशी घरी ठेवतात. त्या आईला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिने भोवताली जे पाहिले त्यावरून ती शहाणपणानेच वागते आहे. बदलायचे ते आपल्याला आहे.

तपासणी कशी होते हे तरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणाच्या नळीत सोडतात. काही मिनिटांनी ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. नळीतून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर बहुतेक काळजीचे कारण नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. शिबिरात नळी गढूळ निघालेल्या माणसाची दुसरी तपासणी झालीच नाही, तर त्याच्या हाती उरते ती फक्त भीती. अशी अर्धी शिबिरे घेऊन फोटो काढण्यापेक्षा न घेतलेली बरी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण कुजबुजीत ती ‘त्यांचा आजार’ म्हणून फिरते. सिकलसेल कुठल्या जातीच्या रक्ताचा दोष नाही. ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हे जनुक टिकले, कारण ज्याच्यात ते एका बाजूने आहे त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवून दिले. म्हणूनच ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य सागराच्या काठी आहे आणि जंगलाने वेढलेल्या मध्य भारतातही आहे. जातीचा संबंध येतो तो वेगळ्या वाटेने. लग्ने त्याच वर्तुळात होत राहिली की दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातिअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ म्हणून दाखवले होते. त्यांचा युक्तिवाद समाजशास्त्राचा होता. आज रक्ताच्या अहवालातही त्या भिंतीची खूण दिसते. जातिअंताची भाषा करणाऱ्या आपल्या समाजानेही सोयरीक करताना ती भिंत अजून ओलांडलेली नाही, हे मान्य करायला हवे.

दुखण्यावर विश्वास न बसणे हा वेगळाच छळ आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात, पाहणीत सहभागी झालेल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांच्या मनात कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयी एक तरी खोटी समजूत निघाली, आणि अशा समजुती असणारे त्यांच्या वेदनेला कमी लेखत होते. आपल्याकडेही दर दोन महिन्यांनी वेदनेने तळमळत येणाऱ्या मुलाला ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ असे ऐकवले जाते, शाळेत ‘नाटक करतो’ म्हटले जाते. काही दिवसांनी ते मूल स्वतःच दुखणे लपवू लागते. दहावीच्या वर्षी महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारायला घरात कुणाला फुरसत नसते. मनाचा हा भार ही आजाराचीच एक बाजू आहे, आणि तिच्यावरही उपाय लागतात. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लावायला खर्च येत नाही.

कार्यकर्त्यांविषयीही बोलले पाहिजे. जयंतीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञानलालसेला ते अभिवादन आहे आणि मुलांना त्यातून प्रेरणा मिळते, हे मी मानतो. पण त्याच बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि संधिवाताने जर्जर केले होते, दृष्टी अधू झाली होती, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले, हे त्या अठरा तासांत कुणी सांगत नाही. त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली. ही त्या कुटुंबाने स्वखुशीने निवडलेली तपश्चर्या नव्हती. दारिद्र्याने आणि अस्पृश्यतेने त्यांच्याकडून वसूल केलेली किंमत होती. त्या किमतीलाच आदर्श मानून आपल्या मुलांपुढे ठेवणे धोक्याचे आहे.

अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने कर्करोगाशी झुंजताना १९८८ मध्ये लिहिले की स्वतःची काळजी घेणे ही चैन नाही, ज्यांना मोडून काढायचा प्रयत्न होतो त्यांच्या बाबतीत ती लढ्याचाच भाग आहे. पुढे तिचा हा विचार बाजाराने उचलला आणि त्यातून महागडे साबण, सुगंधी मेणबत्त्या, सुट्टीच्या सहली विकल्या. तो अर्थ वर्ध्याच्या शेतमजूर बाईच्या काय कामाचा? तिच्यासाठी स्वतःची काळजी म्हणजे वेचणीच्या वेळी बाटलीभर पाणी जवळ असणे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना दुपारची दोन तासांची सुट्टी मिळणे, थंडीत पहाटे ओल्या शेतात न उतरण्याची मुभा असणे. यातले काहीही तिला एकटीने मिळवता येत नाही. मजुरांच्या गटाने मिळून मागितले तर मिळते. म्हणून आपल्या बाबतीत स्वतःची काळजी हा एकेकट्याचा विषय होऊच शकत नाही.

सरकारी बाजूही नीट समजून घ्यावी. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली. २०४७ पर्यंतचे लक्ष्य, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, १७ राज्ये. पण आखणी आदिवासी भाग डोळ्यांपुढे ठेवून. आदिवासींना प्राधान्य मिळालेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. मात्र विदर्भातला बौद्ध समाज त्या चौकटीच्या काठावर राहतो, आणि काठावरच्यांची मोजणी राहून जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे मोठे यश. पण याच कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण देणारे जे कलम आहे, त्यात रक्ताचे आजार नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्र असूनही सिकलसेलच्या तरुणाला त्या जागांवर हक्क सांगता येत नाही. हा प्रश्न संसदेत आणि न्यायालयात नेण्याजोगा आहे. समाजातले वकील, खासदार, निवृत्त अधिकारी कमी नाहीत.

उपचार नाहीत असेही नाही. हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी नियमित घेतली आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर केल्या तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात. लहानपणी रोज पेनिसिलिन दिल्याने जीवघेणा जंतुसंसर्ग किती टळतो, हे १९८६ मध्येच सिद्ध झाले आहे. अडचण औषधाच्या शोधाची उरलेली नाही. ते आर्वी, आष्टी, समुद्रपूरच्या खेड्यात दर महिन्याला पोहोचण्याची आणि संपल्यावर पुन्हा आणायला सोबत कुणी असण्याची आहे.

आता रक्ताचे पाहा. १४ एप्रिलला जिल्हाभर रक्तदान शिबिरे होतात, तरुण रांगा लावतात. ही आपल्या समाजाची सुंदर परंपरा आहे. पण साठवलेल्या रक्ताची मुदत साधारण ३५ ते ४२ दिवसांची असते. म्हणजे जयंतीचे रक्त मे महिना सरेपर्यंत संपते किंवा वाया जाते, आणि नेमक्या त्याच कडक उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असल्याने रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. सिकलसेलच्या मुलाला रक्ताची पिशवी जूनमध्येही लागते, ऑगस्टमध्येही लागते. तेव्हा त्याचा बाप फोनवर फोन लावत फिरतो. शिबिरे वर्षभर वाटून घेतली, प्रत्येक विहाराने एकेक महिना पत्करला, तर तेवढेच रक्त कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळागोळा झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने तो कुणाच्या उपयोगाचा उरला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले की तुम्हाला इथे ना आई आहे ना बाप. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? पुढे हा नियमच झाला. म्हणजे आजाऱ्याची सेवा ही संघाची शिस्त आहे. ती कुणा मायाळू बाईच्या मर्जीवर सोडलेली नाही.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांमध्ये रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. ऐकायला बहुतेक बायाच असतात. पुरुष उशिरा येतात किंवा येत नाहीत. येत्या वर्षावासात पुरुषांनी आधी यावे, आणि आपली तपासणी आधी करून घ्यावी. लग्नाच्या मुलांनी आपला अहवाल मुलीकडच्यांना आधी दाखवावा. सेवाग्राम आणि सावंगीच्या डॉक्टरांना, गावच्या आशाताईंना बोलावून दुसऱ्या तपासणीसकट पूर्ण शिबिर घ्यावे. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा, फलकावर नव्हे. एसएस मुलांच्या घरी दर महिन्याला औषध आहे का हे विचारायला एक जण नेमावा, आणि तो जण दरवेळी बाईच असू नये. दिव्यांग प्रमाणपत्र, एसटीची सवलत, परीक्षेतला जादा वेळ यांचे अर्ज भरून द्यायला शिकलेल्या पोरांनी रविवारी दोन तास बसावे.

आणि त्या आईला कुणी तरी सांगावे की सवय झाली म्हणू नको, सांग. पुढच्या वेळी रात्री दवाखान्यात जायला ऑटो आम्ही पाठवू.